वर काही आणलं का?

माझे यजमान कर्जत स्टेशनात बुकिंगला होते आणि आमचं बिऱ्हाड स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर होतं. त्या सुमारास गावात एक इंग्रज डॉक्टरीणबाई दवाखाना चालवीत. त्यांचं मराठी पुस्तकातलं. खेड्यातली माणसं बोलू लागली की त्या गोंधळून जात. त्यांना दुभाषी म्हणून कोणी बाईमाणूस हवं होतं. मी पुण्याला इंग्रजी पाचवीपर्यंत शिकलेली. यजमान म्हणाले, "घरात बसून डिक्शनरी चाळतेस, ती तिथे जाऊन चाळ." मी गेले.

शाळेत शब्दार्थ पाठ करण्यात माझा हात कोणी धरत नसे. ब्रिंग म्हणजे आणणे. अप म्हणजे वर. दोन्ही शब्द येतात म्हणजे त्यांची जोडीही येते, अशी माझी खात्री होती.

दर सोमवारी आम्ही बैलगाडीनं कळंबला जात असू. तिथे एका देवळाच्या उंच ओट्यावर बाई रोगी तपासत. एका सोमवारी डोंगरातल्या वाडीवरचा एक ठाकूर बायकोला घेऊन आला. बायको पोट धरून, भिंतीला टेकून बसली. तिचे ओठ सुकून पांढरे पडले होते. बाईंनी तिचं पोट दाबून पाहिलं आणि मला विचारायला सांगितलं, "हॅज शी ब्रॉट एनीथिंग अप?"

मी त्याच्याकडे वळले. "वर येताना हिनं काही आणलंय का, विचारतात."

तो मान खाली घालून म्हणाला, "नाय बाय. काय नाय आणलं."

"नो. नथिंग," मी सांगितलं. बाईंनी मान हलवली, साधी पोटदुखीची पूड दिली आणि गुरुवारी कर्जतला दाखवायला बोलावलं.

गुरुवारी सकाळी ती दोघं आली. या खेपेला दोन माणसांनी तिला झोळीतून आणलं होतं. नवऱ्याच्या काखेत पाय बांधलेली कोंबडी होती. ती त्यानं पायरीवर ठेवली आणि हात जोडले.

"मडम, आज आणलंय. त्या दिशी हात हालवत आलो, चुकी झाली."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्याला म्हटलं, "अरे, कोंबडी कशाला? इथे कोणी काही मागत नाही."

"आसं कसं, बाय? तूच इचारलंस ना, वर काय आणलं का म्हून?"

माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. तेवढ्यात झोळीतली बायको एका कुशीवर वळली आणि तिला ओकारी आली. नुसतं हिरवं पाणी पडलं.

"हे कधीपासून?" बाईंनी स्वतःच मराठीत विचारलं.

"आठ दीस जालं," नवरा म्हणाला. "पोटात पानी बी ठरत नाय."

बाईंनी तिला आत घेतलं, शिरेतून मिठाचं पाणी दिलं, रात्रंदिवस चमच्यानं पेज पाजली. मी तीन दिवस तिच्या उशाशी होते. चौथ्या दिवशी ती उठून बसली आणि मला म्हणाली, "भूक लागली गं." मी दवाखान्याच्या स्वयंपाकघरात गेले आणि तिथे उभी राहून रडले. कोंबडी बाईंनी परत दिली. नवऱ्यानं ती नेली, पण त्याला ते लागलेलं दिसलं.

त्याच दिवशी मी बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "यातला कोणता शब्द तुला येत नव्हता?"

"दोन्ही येत होते."

"तर मग तुला शंका येणार कशी?" त्या म्हणाल्या. मग त्यांनीच एक वही आणली. ब्रिंग अप म्हणजे ओकणं, आणि मूल लहानाचं मोठं करणं तेही ब्रिंग अपच. ब्रिंग राउंड म्हणजे शुद्धीवर आणणं. गिव्ह अप म्हणजे सोडून देणं, मग ती तपकीर असो की आशा. शेपूट बदललं की जनावरच बदलायचं. दर सोमवारी गाडीत बसलं की पाच-सहा जोड्या त्या सांगत आणि मी लिहून घेई.

पण मला खरं टोचत होतं ते निराळंच. ठाकुराची बायको माझ्यासमोर बसली होती. तिला मी एक शब्द विचारला नव्हता, सगळं नवऱ्याला विचारलं. तिला विचारलं असतं, "तुला काय होतंय गं?" तर इंग्रजी आडवं आलंच नसतं. त्यानंतर मी आधी रोग्याशी बोलू लागले, मग बाकीच्यांशी.

पुढे उन्हाळ्यात एक म्हातारी औषधाचा पेला हातात घेऊन तोंड वाकडं करत बसली होती. मी म्हटलं, "आजी, एका दमात पिऊन टाका बघू."

बाईंनी झटकन तिचा हात धरला. "टाका? का टाकायचं? चांगलं औषध आहे!"

म्हातारी दोघींकडे आळीपाळीनं बघू लागली. मी हसू आवरत म्हटलं, "बाई, पिऊन टाका म्हणजे सगळं प्या. फेकायचं नाही."

"मग टाका कशाला म्हणतेस?"

"संपवून मोकळं व्हा, असं. खाऊन टाका, सांगून टाका, विकून टाका..."

"आणि बसणे? काल तो माणूस म्हणाला, मी चूक करून बसलो. तो तर उभा होता."

आता मात्र मला हसू आवरेना. म्हातारीनं मधल्या मधे औषध पिऊन टाकलं. बाई माझ्या वहीची मागची पानं उघडून लिहायला बसल्या, त्यांची अक्षरं मोठाली आणि वेडीवाकडी. येऊन जा, जाऊन ये, करून पाहा, देऊन ठेव, अशा आपल्या जोड्या त्या विचारत आणि मी अर्थ सांगे. कितीतरी जोड्यांचा अर्थ मला सांगताच येईना. जन्मभर बोलत आले होते, पण असं का म्हणतो, हे कधी कोणी विचारलंच नव्हतं.

पाच वर्षं मी ते काम केलं. मग यजमानांची बदली झाली. माझ्या जागी खोपोलीकडची एक मुलगी आली, इंग्रजीत माझ्यापेक्षा हुशार. वही मी तिच्याकडे दिली आणि ठाकुराची हकिकत तिला पहिल्या दिवशीच सांगून टाकली.