नर्मदा उजव्या हाताला

"आत्या बोटीत चढत नाहीये," अभय माझ्या कानाशी येऊन म्हणाला. "भिया, कुछ करो."

कुक्षीजवळच्या घाटावर आमची हाउसबोट उभी होती. तिचं बुकिंग मी बघतो. धरणामुळे नर्मदा इथे तळ्यासारखी पसरली आहे; या पाण्याला आम्ही बॅकवॉटर म्हणतो. अभय देवासचा. आत्याच्या पंचाहत्तरीसाठी त्याने दोन दिवस अख्खी बोट घेतली होती आणि धार-इंदूरचे नातलग गोळा केले होते. आत्याला मात्र पत्ता लागू दिला नव्हता, कारण सरप्राइज. जेवण, गाद्या, तब्येत, सगळं मी फोनवर विचारलं होतं. "आत्या एकदम फिट आहे," एवढंच त्याचं उत्तर.

फिट होतीच. पायरीवर काठी टेकून ठाम उभी होती.

मला वाटलं, पाण्याची भीती असेल. मी लाइफ जॅकेट पुढे केलं. तिने ते माझ्याच खांद्यावर ठेवलं.

"बाळ, मी परिक्रमा उचललेली आहे. थोडी थोडी करून चालते. शेवटचा टप्पा राहिलाय. आता मैया ओलांडली, तर इतक्या वर्षांचं चालणं फुकट."

नदी उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा घालायची आणि मध्ये कुठेही ती ओलांडायची नाही, हा नियम आमच्याकडे शाळकरी पोरांनाही ठाऊक असतो. अभयलाही होता. आत्या दर हिवाळ्यात कुठे जाते, तेही ठाऊक होतं. फक्त या दोन गोष्टींची त्याच्या डोक्यात गाठ पडली नव्हती.

मी वकिली सुरू केली. पलीकडे जायचंच नाही, याच काठाने बोट नेऊ, म्हटलं.

"नर्मदा उजव्या हाताला हवी," आत्या म्हणाली. "तुझ्या बोटीत ती चारी बाजूंना आहे."

यावर आमच्याकडे पॅकेज नव्हतं.

अभयचा चेहरा रडवेला झाला. मलाही वाईट वाटलं. आत्यानेच तोडगा काढला. तुम्ही बोटीतून या, मी काठाने चालते, म्हणाली आणि निघालीसुद्धा. नदी बरोबर उजव्या हाताला.

बोट तिच्या चालीने न्यायची म्हणजे परीक्षाच. ड्राफ्टइतकं, म्हणजे बोटीचा तळ जितका खोल जातो तितकं, पाणी तरी हवंच, आणि काठाजवळ तर बुडालेल्या झाडांची खोडं. आमचा ड्रायव्हर पुटपुटला, "साहब, ये बोट है या बैलगाड़ी?" आत्या बाभळीखाली टेकली की आम्ही इंजिन बंद करायचं.

पहिल्या थांब्यावर अभय फळीवरून खाली उतरला. दुसऱ्यावर काकू उतरल्या. दुपारपर्यंत सगळं खानदान गप्पा मारत आत्याच्या मागे चालत होतं, आणि एसी बोटीत उरलो ड्रायव्हर, मी आणि केक. तो केक मी हातावर धरून काठावर पोचवला. दाल-बाफलेही तिथेच वाढले. खरं सांगतो, मला त्या माणसांचा हेवा वाटला.

तेव्हापासून बुकिंग घेताना मी वय विचारतो, तिखट किती चालतं ते विचारतो आणि घरात कोणाची परिक्रमा चालू आहे का, तेही विचारतो. बाहेरगावचे लोक हसतात. हसू देत.

पुढच्या हिवाळ्यानंतर आत्याचाच फोन आला. परिक्रमा पुरी झाली होती.

"आता बोट काढ, बाळ. मधोमध नेऊन उभी कर. चारी बाजूंना बघायचीय मला."

अभयला कळवू का, मी विचारलं.

"नको," आत्या म्हणाली. "त्याला सरप्राइज आहे."