कारळ्यांच्या पुड्या

पुडीकाकांच्या हाती कागद आला की त्याची पुडी व्हायचीच. नौपाड्यातल्या एका डॉक्टरांकडे ते वर्षानुवर्षं कंपाउंडर होते. खडीसाखर असो की शर्टाची बटणं, सगळं औषधासारखं घडी घालून मिळायचं. मी लग्न होऊन त्यांच्या शेजारी आले, तेव्हा त्यांनी मला सत्यनारायणाचे पेढेसुद्धा पुडीतच दिले. वर 'जेवणानंतर' असं लिहिलेलं होतं.

निम्म्याहून जास्त पुड्या मात्र कारळ्यांच्या असत, आणि त्या पाखरांसाठी. त्यांच्या घराच्या खिडकीसमोर बागेत, जास्वंदीजवळच्या दगडावर एक खापर ठेवलेलं होतं. सकाळी सातला एक आणि संध्याकाळी पाचला एक अशा पुड्या काका त्यात सोडत. धान्य तेव्हा रेशनवर होतं. पाखरांना तांदूळ घातला असता तर आळीने नावं ठेवली असती. कारळ्यांना कोण विचारतो? ठिपक्याठिपक्यांच्या छातीच्या मुनिया थव्याने उतरत आणि जाडसर चोचींनी टरफलं उडवत. दिवसभराचे एकदमच का घालत नाही, असं मी एकदा विचारलं.

"डोस आहे तो," काका म्हणाले. "एकदम दिला तर गुण येत नाही."

खिडकीच्या आत काकूंची खाट होती. हृदयाच्या दुखण्याने त्या दोन वर्षं अंथरुणाला खिळल्या होत्या. अख्ख्या नौपाड्याला औषध देणाऱ्या या माणसाच्या हातून त्याची बायको मात्र औषध घ्यायला तयार नसे. "पुरे झालं आता," म्हणून तोंड फिरवायची. मग काकांनी हा तोडगा काढला. पाखरं टिपू लागली की मिक्श्चरचा पेला पुढे करायचा. "त्यांनी त्यांचा डोस घेतला, आता तू तुझा घे." आणि काकू घेत.

यातलं काहीच मला ठाऊक नव्हतं तेव्हाची गोष्ट. माझं माहेर कल्याणचं. तिथे मुरबाडकडचे कारळे चांगले मिळतात, म्हणून काकांनी मला शेरभर आणायला सांगितले. कारळे म्हणजे चटणी, एवढंच मी जाणत होते. नव्या सुनेच्या हौसेने मी ते खमंग भाजून दिले. दुसऱ्या दिवशी मुनिया आल्या, दाण्यांना चोच लावून उडून गेल्या. संध्याकाळीही तेच. काकूंनी दिवसभर औषध घेतलं नाही.

काका चिमूटभर कारळे घेऊन दारात आले. "सूनबाई, हे भाजलेस का?"

मी मान हलवली.

"चटणीला उत्तम आहेत," एवढंच म्हणून ते तसेच स्टेशनकडे गेले आणि कल्याणहून कच्चे कारळे घेऊन आले. त्यापेक्षा चार शब्द बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

पुढे मी दुपारची काकूंपाशी बसू लागले. एकदा धीर करून म्हटलं, "पाखरांसाठी औषध चुकवायचं, हे बरं का काकू?"

त्या हसल्या. "मला कसली गं पाखरांची हौस? पहाटेपासून नुसता कलकलाट. पण ह्यांना केवढा नाद आहे! पाखरं टिपू लागली की कसे उजळून आत येतात. त्या चेहऱ्याला नाही म्हणवत नाही. त्या दिवशी तो चेहराच पडला होता, मग मी कशावर घेऊ? हे त्यांना सांगू नकोस हं."

मी सांगितलं नाही. त्या थंडीत काकू गेल्या.

चौदाव्या दिवशी काका बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आमच्या ओट्यावर आले. आत महिन्याभराच्या पुड्या होत्या.

"कारळे आहेत. भाज आणि चटणी कर."

"आणि पाखरं?"

"मला कधीच नव्हता गं पाखरांचा नाद. तुझी काकू बघायची, म्हणून घालत होतो."

मला दोघांचंही फार वाईट वाटलं. काकूंना दिलेला शब्द मी मोडला आणि त्या जे म्हणाल्या होत्या ते जसंच्या तसं सांगितलं. काका उभ्यानेच ऐकत होते. मग डब्याचं झाकण काढून त्यांनी वरची पुडी उचलली. तिच्यावर 'संध्याकाळी' असं लिहिलेलं होतं.

"मग भाजू नकोस," ते म्हणाले आणि डबा काखेत मारून घरी गेले. पाच वाजायला आले होते.