तेराव्याचं पागोटं

आमच्या गल्लीत एक गोष्ट सगळे पक्की धरून चालतात: सोजरबाईनं रंगखान्याच्या कल्लप्पा मुकादमावर करणी केली. नवऱ्याच्या तेराव्याला तिनं मंतरलेलं पागोटं मुकादमाच्या पोराच्या डोक्यावर ठेवलं, आणि तेव्हापासून मुकादमाला अन्न गोड लागत नाही. शेजारची बजाबाई सांगताना त्या पागोट्यात लिंबू घालते, टाचण्या घालते. परवा एक बिब्बाही घातला.

पागोटं ठेवलं हे खरं. बाकी सगळा बजाबाईचा मसाला. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते, मला सगळं ऐकू येत होतं.

सोजरबाईचा नवरा रावजी नाल्यावरच्या रंगखान्यात लाल हौदावर होता. सुताच्या लडी उकळत्या रंगात बुडवायच्या, दांड्यानं फिरवायच्या, पिळायच्या. हौदावरची माणसं कोपरापर्यंत लाल. थुंकली तरी लाल, लघवीला गेली तरी लाल. रंगखान्याचं पाणी आमच्या मागच्या नाल्यात येतं आणि तिथून विहिरीत झिरपतं. आमच्या कोंबड्यांचे पाय लाल आहेत आणि भाकरी गुलाबी होते. पाहुणे विचारतात, पिठात काय घातलंय? आम्ही म्हणतो, मुकादमाची कृपा.

त्यामुळे रावजीच्या लघवीतून रक्त जायला लागलं ते कुणाला कळलंच नाही. त्यालाही नाही. "रंग हाय गं त्यो," म्हणायचा. "लाल हौदावरचा माणूस काय हिरवा मुतंल व्हय?" हौदावरचे सगळे हसायचे. सोजरबाईही हसली होती.

दिवाळीला रंगखाना बंद राहिला. रावजीचे हात फिके पडले, थुंकी पांढरी झाली, लघवी मात्र लालच. तेव्हा तिनं त्याला ओढत दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी ओटीपोट दाबलं आणि आधी विचारलं ते हे: "रंगखान्यात का?" मग म्हणाले, लघवीच्या पिशवीत गाठ आहे, कॅन्सर म्हणतात, आता उशीर झाला. लाल हौदाच्या खोलीतला हा चौथा, हेही त्यांनीच सांगितलं. आज ऊन जरा जास्त आहे, असं म्हणावं तशा आवाजात.

म्हणजे आधीचे तिघे माहीत होते. दवाखान्याला माहीत, रंगखान्याला माहीत. फक्त हौदावर उभं राहणाऱ्याला सांगायचं तेवढं राहून गेलं. या 'राहून गेलं'ला काय म्हणायचं ते मला येतं, पण इथं लिहिता येत नाही.

रावजी गेला. बाप गेलेल्या पोराला तेराव्याला मामानं पागोटं बांधायचं असतं. सोजरबाईच्या कुंडलिकला मामा नाही. म्हणून मुकादम कोरं पांढरं पागोटं घेऊन आला, आपल्या शिवप्पाला शेजारी बसवलं आणि बोलायला लागला. मुकादमाच्या मराठीतून कानडी सारखी डोकं बाहेर काढून बघत असते.

"मामा नाही तर काय झालं, मी हाय की. पागोटं मी आणलो. बांधतो पण मीच. आणि बघा, रावजीची जागा मी कुणाला दिलो नाही. पोरासाठी ठेवलो. सोमवारपासनं लाल हौद कुंडलिकचा."

बैठक माना डोलवायला लागली. कायमची जागा, घरबसल्या मिळालेली. कुणीतरी 'देवमाणूस' म्हणालं. पागोट्याचा शेवटचा पेच बसला आणि कुंडलिक मुकादमाच्या पाया पडायला वाकला.

तेवढ्यात सोजरबाई आतून आली. त्या दिवशी विधवेनं पुरुषांच्या बैठकीत यायचं नसतं. ती आली. पोराच्या डोक्यावरचं पागोटं दोन्ही हातांनी अलगद उचललं आणि शिवप्पाच्या डोक्यावर ठेवलं.

बाप समोर जिवंत बसलेला असताना पोराला तेराव्याचं पागोटं म्हणजे बापाला तोंडावर 'मेलास' म्हणणं.

"काय करतीस सोजरबाई," मुकादम म्हणाला. "मी जिवंत हाय की अजून."

"हायसा की. जागा येवढी चांगली हाय तर तुमच्याच घरात ऱ्हाऊ द्या. शिवप्पा लई दिस रिकामा हाय."

"त्याला जमायचं नाही ते काम."

"ह्यांना तरी कुटं जमत हुतं? हौदानं शिकवलं."

मुकादमाचे कान हौदाच्या रंगाचे झाले. "मी भितो काय? सोमवारी शिवप्पा जातो हौदावर. बघा सगळे."

कुंडलिकला जागा हवी होती. तो आईला म्हणाला, "त्यो गेला तर म्या बी जानार." आता सगळं शिवप्पावर आलं.

मी मात्र सोजरबाईला म्हणाले, "काकी, जाईल बघा तो. एवढ्या लोकांत बोललाय मुकादम."

"जायाचा न्हाय."

"लावता पैज?"

"लाव. गल्लीभर नकला करत हिंडतीस न्हवं? हरलीस तर मुकादमाचा आवाज काढायचा, आन मी सांगंन ते बोलायचं."

सोमवारी शिवप्पा खरंच रंगखान्याच्या फाटकातून आत गेला, मुकादमाचा हात त्याच्या खांद्यावर. कुंडलिकनं आईकडं बघितलं. सोजरबाई भांडी घासत राहिली, एकच तांब्या, कितीतरी वेळ.

शनिवारी सात रस्ता चौकात कुंडलिकला शिवप्पा भजी खाताना दिसला. बोटं नखापर्यंत पांढरी.

"हौदावर न्हाईस?"

"गोदामात. सूत तोलतो," शिवप्पा तोंडातली भजी सांभाळत म्हणाला. "त्या खोलीत पाऊल टाकलास तर तंगडी तोडतो, म्हणाले की आमचे अप्पा."

कुंडलिक घरी आला, आईला तसंच्या तसं सांगितलं आणि परत कधी हौदाचं नाव काढलं नाही. आता हातमागावर जातो. लाल हौदावर मैंदर्गीहून आलेला एक पोरगा उभा आहे. इथं त्याला ओळखणारं कुणी नाही, म्हणजे सांगायचं पुन्हा राहून जाणार.

पैज मी हरले. सोजरबाईनं मला चुलीपाशी बसवलं. "हं, काढ आवाज," म्हणाली, आणि काय बोलायचं ते सांगितलं. मी मुकादमासारखी मान मागं टाकली.

"ती खोली माणूस खाती, मला ठाऊक होतं. म्हणून माझं पोरगं मी ठेवलो. तुझं मागितलो."

तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"परत," ती म्हणाली.