कांचघर ते कँडी

माझं इंटरचं वर्ष नानाजी देवपुजाऱ्यांनी बुडवलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी कुणी माझ्या नशिबाला बोल लावायला नको. नानाजी म्हणजे तहसील कचेरीतले पेन्शनर हेडक्लार्क, आणि जबलपूरच्या कांचघर मोहल्ल्यातल्या आमच्या मराठी मंडळाचे तहहयात अध्यक्ष. त्यांचे किस्से जमवावे लागत नाहीत. न्हाणीघराच्या फरशीवर शेवाळ धरतं तसे ते आपोआप साचतात, आणि कुणीतरी आपटल्याशिवाय कुणाचं तिकडे लक्ष जात नाही!

मंडळ म्हणजे दर रविवारी सकाळी नानाजींच्या ओसरीवर बसणारी दहा वडीलधारी डोकी. त्यात एक माझे बाबा. दहातले तिघे बोलत, बाकीचे पान खात. एका रविवारी ठरलं की मंडळाने सिलोनची सहल काढायची. कोलंबो, कँडी, चहाचे डोंगर, धबधबे! अकरावा मी. काहून? तर टपाल लिहायला आणि बॅगा उचलायला कुणी तरणा गडी पाहिजे. मला चिटणीस केलं.

मी सायन्सच्या इंटरला होतो. परीक्षा मार्चात. पण जायचं मलाही होतं, खोटं काहून बोलू? कँडीजवळच्या बागेत बांबू दिवसाला फूटभर वाढतो, असं आमच्या बॉटनीच्या प्रोफेसरांनी वर्गात सांगितलं होतं. मला तो बांबू पाहायचा होता.

"परीक्षेचं कसं, नानाजी?"

"परीक्षा झाल्यावर निघू. मी काय वैरी आहे तुझा?"

* * *

पहिले सहा रविवार मागच्या बैठकीचा अहवाल मंजूर करण्यात गेले. मी लिहिलं होतं, 'सहलीवर चर्चा झाली.' वकीलसाहेब उठले. मंडळात कायद्याचा मक्ता त्यांचा.

"नुसती चर्चा? सांगोपांग चर्चा झाली होती."

दुरुस्ती केली. पुढच्या रविवारी त्या दुरुस्तीचा अहवाल वाचला. त्यावर पुन्हा हरकत. सातव्या रविवारी मी टाइमटेबल घेऊन गेलो आणि म्हणालो, "अहवाल राहू द्या, आधी इटारसीहून मद्रासची गाडी पाहू."

नानाजींनी चष्म्यावरून पाहिलं. "पोट्ट्या, एवढी घाई असेल तर गाडीनं जा. हे मंडळ आहे!"

* * *

मग मंडळातल्या दत्तू मास्तरांनी शाळेतला नकाशा आणला. मास्तरांनी मला चार वर्षं भूगोल शिकवला होता. त्यांनी छडीने दाखवलं: जबलपूर, इटारसी, मद्रास, धनुष्कोडी. तिथे रूळ संपले. पुढे निळा रंग.

"हा काय?" नानाजींनी विचारलं.

"समुद्र."

ओसरी गार पडली. समुद्र ओलांडला म्हणजे धर्म गेला! बेत तिथेच मेला असता. पण नानाजींनी दोन रविवार विचार केला आणि तोड काढली.

"रामानं पूल बांधला. पूल म्हणजे रस्ता. आता तो पाण्याखाली आहे, ही गोष्ट अलग. नर्मदेच्या पुरात ग्वारीघाटाच्या पायऱ्या बुडतात, म्हणून त्या पायऱ्या राहत नाहीत काय? आपण स्टीमरनं जाणार ते रस्त्याच्या वरून. दोष नाही."

"वा!" सगळे म्हणाले.

मी म्हणालो, "मग येताना वानरांना प्रायश्चित्त काहून नाही पडलं, हेही अहवालात लिहू का?"

बाबांनी सगळ्यांसमोर माझ्या कानफटात दिली. ठराव एकमताने मंजूर झाला.

* * *

कँडीच्या एका धर्मशाळेला मी पत्र टाकलं. चांगलं उत्तर आलं: किती माणसं, किती खोल्या, कधी येता? नानाजी म्हणाले, याला नीट जबाब दिला पाहिजे. त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. विहिरीला रहाट आहे की कप्पी? स्वयंपाकी कोण जातीचा? त्याच्या बापाचं गाव कोणतं? दूध गाईचं की म्हशीचं, आणि गाईचंच असेल तर ती गाय काय खाते? असे चौदा सवाल. माझा सहामाहीचा फिजिक्सचा पेपर दोन दिवसांवर होता, आणि मी सिलोनच्या गाईची चौकशी करून राहिलो होतो!

तीन आठवड्यांनी एका ओळीचं उत्तर आलं. 'क्षमस्व, त्या दिवसांत जागा नाही.'

"पाहा, किती गर्दी असते तिथं!" नानाजी खूश झाले.

आम्ही दिवस कळवलेच नव्हते.

* * *

डिसेंबरात नानाजींच्या मनात आलं की अकरा माणसांना एकत्र प्रवास जमतो का, याची एकदा तालीम व्हावी. म्हणून भेडाघाट. चार टांगे, दोन पोती गोवऱ्या, वांगी, कणीक, तूप आणि एक खलबत्ता. पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. मग बाट्या भाजल्या, सगळे जेवले, आडवे झाले. नर्मदेचा धुवांधार धबधबा मैलभरावर. आवाज स्पष्ट येत होता.

मी म्हटलं, "धबधबा पाहून येऊ ना, नानाजी. त्यासाठीच आलो."

ते सतरंजीवरून न उठता म्हणाले, "आवाज येऊन राहिला ना? मग आहेच तो तिथं. कुठं जातो?"

मी एकटा गेलो. परत येतो तर टांगे गेलेले. चूल विझवून, खलबत्तासुद्धा उचलून गेले, मला सोडून. तेरा मैल चाललो. दुसऱ्या दिवशी केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला उभं राहवेना. घरी बाबांना विचारलं, टांग्यात मी नाही हे दिसलं नाही का?

"दिसलं ना," बाबा म्हणाले. "पण नानाजी चला म्हणाले."

* * *

जानेवारीत पंचांग निघालं. मुहूर्त लागला नेमका मार्चातल्या सोमवारचा, माझ्या पहिल्या पेपरच्या दिवशी. मी ओरडलो. परीक्षेनंतर म्हणाला होतात ना? मग मला वगळून जा! दत्तू मास्तर शांतपणे म्हणाले, "परीक्षा काय, दर साल येते." हा शिक्षक!

पण नानाजींना कळवळा आला. "पोराचं नुकसान नको. आपण प्रस्थान ठेवू."

प्रस्थान म्हणजे असं. मुहूर्तावर निघणं जमत नसेल, तर प्रत्येकाची वापरातली एकेक वस्तू एका गाठोड्यात बांधून दुसऱ्याच्या घरी ठेवायची. वस्तू निघाली की माणूस निघाला, असं शास्त्र मानतं. मग आठवड्याच्या आत सोयीने गाडी पकडायची. म्हणजे मुहूर्त सोमवारी, पेपर शनिवारपर्यंत, गाडी रविवारी. मीच म्हटलं, चलो, ठीक! उभ्या वर्षात नानाजींनी माझ्या बाजूने केलेली ही एकच गोष्ट.

सोमवारी पहाटे मी नळावर अंघोळ करत होतो. तेवढ्यात बाबांनी खुंटीवरचा माझा कोट उचलला आणि गाठोड्यात दिला. खिशात रोल नंबरचं कार्ड होतं. मला कळलं ते कॉलेजच्या फाटकावर. सुपरिंटेंडेंट भला माणूस. म्हणाला, "आधा घंटा देता हूँ. ले आओ."

सायकल मारत कांचघरला आलो. गाठोडं नानाजींच्या समोरच राहणाऱ्या, देवळातल्या पुजाऱ्याच्या घरात, भिंतीतल्या देवळीत, सात गाठी मारून. ओसरीवर नानाजी आणि बाबा चहा पीत होते.

"नानाजी, गाठोडं सोडा. कोटात कार्ड आहे, पेपर सुरू झाला!"

"प्रस्थानाची गाठ अशी सोडता येत नाही, बेटा. अकरा माणसं आहेत त्यात. उद्या कुणाला काही झालं म्हणजे?"

"पण कोट माझा आहे!"

"होता. तो आता प्रवासात आहे."

मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी बशी खाली ठेवली.

"नानाजी सांगून राहिले ना," ते म्हणाले.

मी गाठोड्याकडे धावलो तर पुजारी दारात आडवा उभा राहिला. तासाभराने मी कॉलेजच्या फाटकावर पोचलो तेव्हा ते बंद होतं. उरलेल्या पेपरांना काही अर्थ नव्हता.

रविवारी सगळे ओसरीवर जमले. वळकटी फक्त माझ्याजवळ. हो, मी वळकटी बांधून गेलो. तो बांबू तरी पाहू म्हटलं. तिकिटांचं काम वकीलसाहेबांनी आपल्याकडे घेतलं होतं. ते म्हणाले, सोमवारी कोर्टात तारीख आहे, म्हणून काढली नाहीत. मास्तरांची दाढ सुजली होती. बाकीचे पान खात होते.

नानाजींनी गाठोडं मागवलं. एकेक गाठ सावकाश सोडली. ज्याची त्याची वस्तू ज्याच्या त्याच्या हातात दिली: छत्री, पंचा, चंची, माझा कोट. कोटाची घडीसुद्धा मोडली नव्हती.

मग ते म्हणाले, "गाठ बांधली तेव्हा आपण शास्त्रानं निघालो. आज गाठ सुटली, शास्त्रानं परत आलो. कुणाला ताप नाही, पडसं नाही. झाली सहल!"

"हुश्श!" वकीलसाहेब म्हणाले. "कितीही फिरा, आपल्या घरासारखं सुख नाही."

आतून नानाजींच्या घरच्या काकू आल्या. प्रवासातून सुखरूप आलेल्यांवरून ओवाळतात तसा त्यांनी दहाही जणांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. मग माझ्यावरूनही.

जुलैत बाबांनी मला कॉलेजात परत पाठवलं नाही. मी आता स्टेशनच्या मालधक्क्यावर पोत्यांवर गावांची नावं रंगवतो.