पापी राजाच निघतो ती गोष्ट

लेकाच्या तोंडातून फेस येत होता आणि माझी नणंद माझ्या सुनेची वेणी धरून विचारत होती, "काय कालवलं व त्याच्या जेवनात?"

सुनेचा गुरुवारचा उपास, त्यामुळे त्या जेवणातलं तिनं काही खाल्लं नव्हतं. आदल्या दिवशी माहेरी जाण्यावरून नवऱ्याशी भांडलीही होती, अख्ख्या आळीनं ऐकलं होतं. मी अर्धी भाकरी खाल्ली होती आणि दोनदा ओकले होते. खोटं कशाला सांगू, मलाही तिचाच संशय आला.

जीपनं बुलढाण्याला दवाखान्यात आलो. लेकाला आत नेलं. डॉक्टर विचारत होते, विष कोणतं? नणंद हवालदाराला सुनेचं नाव लिहायला सांगत होती.

त्या दिवसांत मी वाचनालयातलं एक पुस्तक वाचत होते. ग्रीक लोकांच्या पुराणांवरून रचलेल्या हेरकथा. चौथी शिकलेली बाई असलं वाचते म्हणून नणंद हसायची. त्यातल्या एका गोष्टीचं मूळ असं की राज्यात रोगराई येते, राजा पापी शोधायला निघतो आणि पापी तोच निघतो. पुस्तकात राजाच्या जागी एक बंगलेवाला होता. मला ती गोष्ट पटली नव्हती. आपलंच केलेलं माणसाला आठवत कसं नाही?

तेवढ्यात शेजारणीचा फोन आला. आमची बकरी मेली. बकरीला मी लेकाच्या ताटातली उरलेली भाकरी टाकली होती. भाजी नाही, नुसती भाकरी. म्हणजे पीठ. पीठ नवं होतं आणि दळण माझं होतं. पेरून उरलेली बियाण्याची ज्वारी, औषध लावून गुलाबी केलेली. टाकून द्यायला मन झालं नाही. तीन पाण्यांनी धुतली, वाळवली, दळून आणली. पिशवीवर खाऊ नये असं छापलेलं होतं. मी ते वाचलेलं होतं.

डॉक्टरांना सांगितलं. शेजारणीनं पिशवीवरचं औषधाचं नाव फोनवर वाचून दाखवलं. मग मी हवालदाराकडे वळले.

"साहेब, तिचं नाव खोडा. माह्यं लिवा."

नणंदेनं दंड धरला. "वैनी, गप बसा! पुस्तकं वाचू वाचू डोकं फिरलं तुमचं. लोकं काय म्हनतीन?"

"म्हनू दे. लोकायनं नाही दळली ज्वारी, म्या दळली."

हवालदारानं लिहिलेलं मी वाचायला मागितलं. त्यानं 'अजाणतेपणी' लिहिलं होतं.

"हे काढा. मले वाचता येते."

"आजी, तुमच्याच भल्यासाठी लिहिलं."

"भलं राहू द्या. काढा."

त्यानं अंगठ्यासाठी शाईची डबी पुढे केली. मी पेन घेतला आणि सही केली.

सुनेला म्हटलं, "म्या बी तुयावर शक घेतला."

"मालूम हाय मले," ती म्हणाली. "आता खाटेवर पडा, उभ्या उभ्या पडसान."

लेक आठव्या दिवशी घरी आला, मी चौथ्या. त्या भाकरीतून आम्ही दोघंही वाचलो.