चाक आधी कानाला

दाजीकाका चाक आधी कानाला लावायचे. बोटाने एक झटका द्यायचे, डोळे मिटायचे, आणि ते चाक फिरून फिरून थांबेपर्यंत समोरच्याने चकार शब्द काढायचा नाही. दोन हजार एक साली मी कोल्हापूरकडून फोंडाघाट उतरून तोंडवलीच्या शाळेवर रुजू झाले आणि राहायला खोली शोधत त्यांच्या पडवीत पोचले. "काका, खोली..." एवढंच म्हटलं, तर त्यांनी डोळे न उघडता हात वर केला. चाक थांबल्यावर म्हणाले, "गप रवलां, म्हंजे बरां आसा. बोलूक लागलां तर समजायचां, पोटात रेव गेली. हां, बाईनु, काय म्हणा होतास?"

खोली मिळाली. त्याबरोबर ती चाकंही माझ्या नशिबी आली.

दाजीकाका बोटीवर इंजिनखोलीत फिटर होते. निवृत्त होऊन आले ते परदेशातून चाकांच्या दोन जोड्या घेऊन. आपण बर्फावरच्या नाहीतर गुळगुळीत फरशीवरच्या स्केट्स चित्रात बघतो, तशा या नव्हत्या. रोजच्या बुटांवर पट्ट्यांनी बांधायच्या, पुढे एक आणि मागे एक अशी हवा भरलेली छोटी चाकं, पोटरीला टेकणारा ब्रेक आणि दोन्ही हातांत दोन काठ्या. तांबड्या मातीच्या, खड्यांच्या वाटेवरही त्या धावत. एक जोडी त्यांची स्वतःची. दुसरी त्यांनी हौसेने काकींसाठी आणली होती. काकींनी ती उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाल्या, "माका काय सर्कशीत घालतास?" तेव्हापासून ती जोडी खुंटीला लटकली आणि जो कोणी शिकायला येईल त्याच्या पायात गेली. पहिला आला तो शेजारचा सदा, स्वतःची होडी असलेला. दुसरी मी.

शिकवायची त्यांची रीत अशी, की आठवडा गेला तरी चाक पायाला लागलं नाही. चाक काढा, टायर उतरवा, ट्यूब पाण्याच्या परातीत बुडवून बुडबुडे शोधा, ठिगळ लावा, पुन्हा बसवा. "आधी उघडूक शीक, मगे धावूक," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की शाळेत मुलांना भूमिती शिकवताना तोंडातून जायचं. सुटे भाग एका बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असत. त्याला ते 'दवाखानो' म्हणत. वाळू आणि खारी हवा चाकांच्या मुळावरच उठलेली, म्हणून प्रत्येक फेरीनंतर विहिरीच्या गोड्या पाण्याने पुसून काढणं आलं. ब्रेकचं रबर झिजलं की जुन्या चपलेचा तळ कापून बसवायचे. माझी एक चांगली चप्पल अशीच गेली. विचारलं तर म्हणाले, "बाय, उताराक तुका चप्पल होयी काय ब्रेक?" त्या दिवसापासून मी 'बाईनु'ची 'बाय' झाले. चपलेचं दुःख त्यात विरून गेलं.

पण हा सगळा खटाटोप हौसेचा नव्हता, हे मला वर्षभराने कळलं. नोकरीत असताना एकदा वादळात त्यांची बोट बुडता बुडता राहिली. त्या रात्री त्यांनी मसुऱ्याच्या भराडी देवीला नवस बोलला होता, की सुखरूप परतलो तर जन्मभर दर जत्रेला तुझ्या दाराशी माझ्या पायांनी येईन, गाडीत बसणार नाही. देवीने आपला शब्द पाळला. काकांचा शब्द मात्र त्यांच्या गुडघ्यांवर अवलंबून होता आणि इंजिनखोलीच्या शिड्यांनी ते गुडघे खाऊन टाकले होते. चालताना दर पावलाला ठोका बसे. चाकांवर पाय नुसता सरकतो आणि निम्मा भार काठ्या घेतात, हे त्यांनी परदेशात म्हाताऱ्या माणसांना धावताना बघून हेरलं होतं.

चाकांवर गेलं तर नवस फिटतो का, यावर गावात बरीच चर्चा झाली. काकांनी सरळ ग्रामदेवतेकडे कौल लावला. "पाय माजे, दम माजो, इंजान खंयचां नाय. उजवो कौल दिल्यान," असं ते ज्याला त्याला छाती काढून सांगत. देवाचाच होकार म्हटल्यावर चर्चा तिथेच मिटली. चुलीपाशी बसून काकी तेवढ्या म्हणत, "देव पण ह्येंका कटाळलो आसतलो."

आमची आठेक वर्षं अशी मजेत गेली. मग सदाने घोळ घातला. जत्रा तोंडावर आलेली. काका कणकवलीला डोळे दाखवायला गेले होते. त्यांना खूश करावं म्हणून सदाने त्यांची जोडी घेतली आणि होडीच्या लाकडाला लावतात ते माशाचं तेल चाकांना, टायरांना, सगळीकडे मनसोक्त चोपडलं. काका आले तर अंगणात गावातली सगळी मांजरं. सदा निरागसपणे म्हणाला, "काका, होडयेक लावतंव, मगे ह्येका कित्याक नको?" काकांनी आधी टायर बोटाने दाबून बघितले. तेलाने रबर फुगून मऊ पडलं होतं. तेवढ्या छोट्या मापाचा टायर आपल्याकडे कुठे मिळणार? बोटीवरच्या जुन्या मित्राला सांगून ठेवलं होतं, पण तो येणार पावसाळ्यानंतर. 'दवाखान्या'त ट्यूब होती, टायर नव्हता. "चलतलां तवसर चलतलां," काका म्हणाले. आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

जत्रेच्या पहाटे आम्ही दोघं निघालो. ते पुढे, मी काकींच्या जोडीवर मागे. मसुरे जवळ आलं आणि एका उतारावर त्यांचं मागचं चाक फाटलं. टायर केळ्याच्या सालीसारखा रिमवरून सोलून निघाला. ते पडले नाहीत, ब्रेक चांगला होता. चाकं सोडून चार पावलं चालायचा प्रयत्न केला आणि रस्त्याकडेच्या दगडी गडग्यावर बसले. मागून जत्रेची एसटी आली. कंडक्टर ओळखीचा, त्याने घंटी मारून गाडी हळू केली. "काका, चडा!" काकांनी मान वर केली नाही. गाडी गेल्यावर अगदी हळू म्हणाले, "तुटलो गो नवस, बाय." त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी मी पहिल्यांदा बघितलं.

मी माझ्या पायातली जोडी सोडली, पिशवीतला पाना काढला आणि मागचं चाक उघडायला घेतलं. त्यांच्या लक्षात आलं. "ती तिची जोडी आसा," ते म्हणाले. मी म्हटलं, "काकींना मी सांगते." चाक निघालं, त्यांच्या रिकाम्या जागी बसलं. मी उठणार तोच त्यांनी हात वर केला, वाकून ते कानाशी फिरवलं आणि डोळे मिटले. देवीच्या दारी उशीर होत होता, पण चाक गप होईपर्यंत आम्ही दोघं गप होतो.

पुढचा रस्ता मी चालत गेले आणि ते रांगेपर्यंत स्वतःच्या पायांनी पोचले. घरी परतल्यावर काकींनी चाकाकडे एकदा बघितलं. "माजां चाक होतां म्हणान पोचलास," एवढंच म्हणाल्या आणि भात वाढायला आत गेल्या. 'माजां' हा शब्द त्या जोडीबद्दल त्यांनी पहिल्यांदाच उच्चारला होता.

पुढच्या दिवाळीनंतर दाजीकाका गेले. झोपेतच. मित्राने आणलेले नवे टायर त्यांनी आदल्याच महिन्यात हौसेने बसवले होते. तोवर माझी बदली फोंडाघाटला झाली होती. जत्रेला मात्र मी तोंडवलीला आले, निव्वळ काकींना भेटायला. पडवीत दोन्ही जोड्या काढून ठेवलेल्या, हवा भरलेल्या.

"काकी, हे कोणी केलं?"

"नवस तेंचो, तेंच्याबरोबर गेलो," त्या म्हणाल्या. "पण चाकां बसान बसान बिगाडतत." मग त्यांनी काकांच्या जोडीचं पुढचं डावं चाक कानाशी धरलं आणि बोटाने झटका दिला. डोळे मिटले. "ह्यां बोलता गो. रेव गेली आसा."

मी कान लावला. मला काहीच ऐकू आलं नाही. तरी उघडलं. आत खरोखर चार कण वाळू होती.

"तुम्हाला हे काकांनी शिकवलं?"

"माका खंय शिकवतत! मी चुलीकडे बसान आयकत होतंय."

चाक साफ करून मी काकांची जोडी पायाला बांधली. काकींनी आपली जोडी पट्ट्यांनी बांधून खांद्यावर टाकली आणि पायात वहाणा सरकवून त्या जत्रेच्या वाटेला लागल्यासुद्धा. मी म्हटलं, "काकी, घालायची नाही तर हे ओझं कशाला घेताय?"

त्यांनी मागे वळून बघितलं नाही. "तुजां चाक फुटलां तर माजां होया मां!"