हरसूलच्या थंडीत अक्काचं अंथरूण मी घातलं

हरसूलला दोन दिवस जाऊन यायला किती खर्च येतो, असं बऱ्याच जणांनी विचारलंय. आधी तेच सांगून टाकतो. नाशिकहून गाडीने जाऊन-येऊन डिझेल हजाराच्या आत. मुक्कामाच्या दोन खोल्या, प्रत्येकी आठशे, चहा-नाश्ता धरून. जेवण माणशी दीडशे. बाजारात सुनंदाने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, नागली (नाचणी) आणि खुरासणी (कारळे) घेतली, त्याचे चारशे. इलेक्ट्रिक ब्लँकेट अठराशेचं, पण माझ्याच दुकानातलं, म्हणजे मला पडलं साडेनऊशेला. सरकारी दवाखान्यातला केसपेपर दहा रुपये. आणि माझ्या सत्तरी ओलांडलेल्या बहिणीच्या डाव्या टाचेचं कातडं. ते कशात धरायचं हे मला अजून कळलेलं नाही, म्हणून बेरीज देत नाही.

नियमित वाचणाऱ्यांना माहीत आहे, नव्यांसाठी सांगतो: माझा धंदा गाद्यांचा. पोरवयात एका पिंजाऱ्याच्या मागे कापूस उचलत फिरलो, मग हातगाडी, आता सिडकोत दुमजली दुकान. माझे कान तिखट. गिऱ्हाईक बायकोच्या कानात ‘महाग आहे, चल’ म्हणालं तरी मला गल्ल्यावर ऐकू येतं, आणि ती दोघं दाराशी पोचायच्या आत शंभर रुपये कमी होतात.

अक्का सिन्नरला तिच्या मुलाकडे असते. तरुणपणी ती हरसूलजवळच्या एका पाड्यावर प्राथमिक शिक्षिका होती. जानेवारीत तिचा फोन आला. “बापू, मला एकदा माझी शाळा दाखवून आण. पाय चालतायत तोवर.”

पाय चालतायत तोवर, हे ती उगाच म्हणाली नाही. वीस-बावीस वर्षांचा मधुमेह. तळपायांना स्पर्श कळत नाही. चालताना चप्पल निसटली तरी तिला पुढच्या वळणावर कळतं, तेही कुणी हाक मारली तर. हे मला नीट माहीत होतं. पुढचं वाचताना हे लक्षात ठेवा.

यंदा नाशिकची थंडी कडक होती आणि मी दुकानात ‘थंडी पॅक’ काढला होता. खाली अंथरायचं इलेक्ट्रिक ब्लँकेट, त्यावर घालायला दोन इंचाचा मेमरी फोम, वर जाड रजई. तिन्ही एकत्र घेतली तर पाचशेची सूट. ब्लँकेटच्या वायरी पाठीला टोचतात अशी कुरकुर यायची, म्हणून त्यावर फोम टाकायची युक्ती माझी. कुणाला विचारलं नाही. अंथरुणातलं मला कोण शिकवणार? तसाच एक पॅक मी डिकीत टाकला. सुनंदा म्हणाली, “दुकान मागे ठेवून कधी निघणार आहात का?” मी म्हणालो, “अक्काला थंडी वाजली तर तुझ्या शालीवर भागणार आहे का?”

सकाळी सातला निघालो. गंगापूर रोडने गिरणारे. तिथे चहा घ्याच. टोमॅटोच्या गाड्या भरताना जी भांडणं चालतात ती फुकट ऐकायला मिळतात. पुढे वाघेरा घाट. रस्ता बराचसा चांगला, घाटात दोन-तीन ठिकाणी खड्डे, समोरून जीप आली तर जागा आपणच द्यायची. जीपवाला देत नाही. अक्का पुढच्या सीटवर बसून प्रत्येक वळणाला सांगत होती, इथून पायी यायचे, इथे एस.टी. बंद पडली होती. सुनंदा मागून म्हणाली, “अक्का, एवढ्या वळणांवर एस.टी. बंद पडली, तर शाळेत कधी पोचायचात?” अक्का हसली. “दुसऱ्या दिवशी.”

आम्ही गेलो तो बाजाराचा दिवस होता. हरसूलचा बाजार बघायचा तर दहा-अकराला पोचा, दुपारनंतर चांगला माल संपतो. एक शहरी पोशाखातले गृहस्थ कोंबड्याची घासाघीस करत होते.

“खरंच गावठी आहे ना?”

“हाय की.”

“कशावरून?”

“त्यालाच इचारा ना दादा. माझ्यावर नाय तुमचा भरोसा.”

गृहस्थांनी खरोखर कोंबड्याकडे पाहिलं. मग पैसे दिले.

शाळा आता पक्क्या इमारतीत आहे. अक्का जुन्या जागेवरच्या ओट्यावर अर्धा तास बसून राहिली. या सहलीतलं तेवढंच मी न बिघडवलेलं.

मुक्काम लक्ष्मणकडे. तो अक्काचा विद्यार्थी, आता पन्नाशी ओलांडलेला. घरामागे दोन खोल्या बांधून पाहुणे ठेवतो. गाडीतून उतरताच त्याने अक्काच्या पायांवर डोकं ठेवलं. “बाई, वळखलं का? तुम्ही मला उन्हात उभं केलं व्हतं.”

“सातचा पाढा येत नव्हता तुला.”

“आजूक नाय येत. पोरगी मोबाईलवर करती हिशेब.”

लक्ष्मणची बायको हिराबाई कमी बोलणारी, पण जेवण असं की बोलायची गरज नाही. नागलीची भाकरी, उडदाचं वरण, खुरासणीची चटणी. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि तोंड सुटलं. दुकान कसं उभं केलं, फोममधली लबाडी कशी ओळखायची, सगळं सांगितलं. वर म्हणालो, “लक्ष्मणराव, इतकी वर्षं झाली, माझ्या दुकानातून गेलेला माल एकदाही परत आलेला नाही.” लक्ष्मण म्हणाला, “भारीच की!” हिराबाईने ताट उचललं.

हिराबाईने अक्कासाठी पलंगावर दोन गोधड्या काढून ठेवल्या होत्या. मी त्या बाजूला केल्या आणि माझा पॅक उघडला. आधी गादी, मग ब्लँकेट, मग फोम. पलंग अरुंद आणि आखूड होता, ब्लँकेट डबल बेडचं. दोन्ही बाजूंचं खाली खोचलं आणि अक्काला त्यावर झोपवलं. पायाकडे हातभर जास्त राहिलं, ते मी परत वर दुमडून फोमवर आणलं, अक्काच्या पावलांभोवती पाकिटासारखं. पाय जास्त गार पडतात ना तिचे! वर माझी रजई, त्यावर बाजूला केलेल्या दोन्ही गोधड्या, कडा घट्ट खोचलेल्या. फोममधून पाठीला ऊब यायला वेळ लागतो, म्हणून बटण तीनवर, म्हणजे सगळ्यात वर.

सुनंदा दारात उभी राहून बघत होती. “त्यांना हलता तरी येईल का?”

“हलायचंय कशाला? झोपायचंय.”

अक्का म्हणाली, “बापू, अंगाला जरा जास्तच उबारा वाटतोय रे.”

मी ऐकलं. स्पष्ट ऐकलं. आणि म्हणालो, “सवय नाही तुला. पाच मिनिटांत बरं वाटेल.” हे वाक्य मी दुकानात रोज बोलतो.

जेवणं लवकर झाली होती, आठही वाजले नसतील. आम्ही अंगणात शेकोटीपाशी बसलो. लक्ष्मण अक्काच्या मारकुटेपणाचे किस्से सांगत होता आणि मी सगळ्यात मोठ्याने हसत होतो. मध्येच सुनंदा म्हणाली, “काहीतरी जळल्याचा वास येतोय.”

मी म्हणालो, “शेकोटीपाशी बसून तेवढंच म्हणायचं बाकी होतं.” लक्ष्मणही हसला.

सुनंदा हसली नाही. “लाकडाचा नाही हो. प्लॅस्टिकचा आहे.” आणि उठून आत गेली.

तिची हाक ऐकली तेव्हा माझ्या हातातला चहा मी लक्ष्मणच्या मांडीवर सांडला. आत पोचेपर्यंत तिने प्लग उपटला होता आणि रजई-गोधड्या खाली ओढल्या होत्या. पायाकडच्या बाजूने धूर येत होता. ब्लँकेटची दुमड तपकिरी पडलेली, तिच्याखालचा फोम वितळून काळा, आणि वरून खोचलेल्या गोधडीच्या एका कोपऱ्यात ठिणगी हळूहळू सरकत होती. हिराबाईने हंडा ओतला. प्लग आधी निघाला होता म्हणून चाललं. वीज चालू असताना पाणी टाकू नका.

अक्का उठून बसली होती. घाबरली नव्हती, आणि त्याचीच मला भीती वाटली. “काय झालं रे? मला तर काही कळलंच नाही.”

डाव्या टाचेला हाताच्या तळव्याएवढा फोड. एका बाजूला कातडं पांढरं पडलेलं. सुनंदाने पाय बादलीतल्या साध्या पाण्यात धरला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “गाडी काढा.”

हरसूलच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर होते, हे आमचं नशीब. पंचविशीची मुलगी. तिने विचारलं, “शुगर आहे?” मी हो म्हणालो. “पायाला संवेदना?” मी म्हणालो, नाही. “हे तुम्हाला आधी माहीत होतं?” मी हो म्हणालो. पट्टी बांधताना नर्सने दुसरीला हळूच विचारलं, “कुणी केलं?” दुसरी म्हणाली, “भावानं. गाद्यांचं दुकान हाय म्हणे.” माझे कान तिखट आहेत हे मी वर सांगितलंच आहे.

डॉक्टर म्हणाली, उद्या नाशिकला पायाच्या तज्ज्ञाला दाखवा. अशा पायाची जखम चिघळली तर पाऊल वाचेलच असं सांगता येत नाही. अक्काने तिला विचारलं, “तुझं गाव कोणतं गं?” जणू आम्ही भेटायलाच गेलो होतो.

सकाळी निघताना लक्ष्मण अक्काला उचलून गाडीपर्यंत घेऊन आला. मी हिराबाईला गोधडीचे पैसे देऊ लागलो. तिने घेतले, मोजले, कमरेला खोचले आणि म्हणाली, “बाईंना दोन गोधड्या पुरल्या असत्या. तुम्ही त्यांना बांधून कशापायी टाकलं?” वाघेरा घाटात अक्का मागच्या सीटवर पाय उंच करून पडली होती. वळणांबद्दल एक शब्द बोलली नाही.

घरी आल्यावर मी त्या ब्लँकेटबद्दल वाचलं, विचारलं, जे विकायच्या आधी करायला हवं होतं. तुम्ही थंडीत असं काही वापरत असाल तर एवढं करा. ब्लँकेट सपाट अंथरा, दुमडू नका, पलंगापेक्षा मोठं घेऊ नका. दुमडीत उष्णता दुप्पट साठते. त्यावर किंवा खाली मेमरी फोम घालू नका, फोम उष्णता बाहेर जाऊ देत नाही. वर जाड गोधड्यांचा ढीग रचून कडा खोचू नका. अंथरूण गरम झालं की झोपायच्या आधी बंद करा, प्लगही काढा. आणि ज्याला चटका कळत नाही, मधुमेहाने पाय बधिर झालेलं माणूस, अगदी लहान मूल, अंथरुणाला खिळलेलं कुणी, त्यांच्यासाठी ते वापरूच नका. वासाची शंका आली तर उठून बघा. उठायला काही पैसे पडत नाहीत.

अक्का दीड महिना आमच्याकडे राहिली. एक दिवसाआड ड्रेसिंग. तज्ज्ञ दरवेळी भिंगातून बघायचे आणि ‘बघू’ म्हणायचे, आणि त्या ‘बघू’वर मी घरी येईपर्यंत गाडी चालवायचो. पाऊल वाचलं. टाचेला गुलाबी नवी कातडी आलीय, तिला खास मऊ चप्पल करून घेतलीय. ती मला एकदाही बोलली नाही. सिन्नरला परत जाताना फक्त म्हणाली, “बापू, मी म्हटलं होतं रे तुला, गरम होतंय.”

त्या रात्री मला झोप आली नाही, आणि सकाळी दुकानात जाऊन थंडी पॅक घेतलेल्यांचे नंबर, ज्यावर बिलं करतो त्या मोबाईलमधून काढले. दुकानातल्या पोरांना सांगता आलं असतं, पण फोन मीच केले. कुणी आभार मानले. एकाने विचारलं, “काका, नवीन ऑफर आहे का?” मी प्रत्येकाला सांगितलं, फोम ब्लँकेटवर घालू नका, नाहीतर दोन्ही घेऊन या, पूर्ण पैसे देतो.

विंचूरच्या एका कांदा व्यापाऱ्याने माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“शेठ, ते तर आम्ही आठ दिवसांतच बंद केलं. आईच्या पाठीला चटका बसला, गादी एका जागी पिवळी पडली.”

“अहो, मग मला आणून का नाही दिलं?”

“आणलं होतं की. तुमच्या दुकानाच्या दारापर्यंत आलो, पाटी वाचली आणि तसाच माघारी गेलो.”

फोन ठेवला आणि मान वळवली. गल्ल्याच्या मागे भिंतीवर, दुकान उघडलं त्या दिवसापासून, दारातूनही वाचता येईल अशा लाल अक्षरात लिहिलेलं आहे: एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.